हॅलोवीनच्या खाऊसाठी हातचे डबे: आधी कोणाला द्यायचे ते ठरवा

पत्र:

«आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक या वर्षी पहिलीत गेली. वर्गात २२ मुलं आहेत आणि हॅलोवीनच्या पार्टीला बऱ्याच घरांतून प्रत्येक मुलासाठी छोटं पाकीट येतं. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मला नको वाटतात, एका संध्याकाळीत कचऱ्यात जातात. सध्या सासूबाई आमच्याकडे आल्या आहेत. शिवणकाम, कागदकाम दोन्हीत त्यांचा हात चांगला आहे. त्या म्हणतात, घरीच डबे करू आणि त्यात चकल्या, करंज्या, लाडू भरू. फक्त दिवाळीच्या तोंडावर घरात कवट्या आणि भुतंखेतं नकोत. नवऱ्याचं म्हणणं, एवढा व्याप कशाला, विकत आणू. हाताशी एकच शनिवार-रविवार आहे, आणि लेकीच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. वर्ग, हॅलोवीनच्या रात्री खाऊ मागायला दारावर येणारी मुलं आणि शेजारची चार घरं, सगळ्यांचं कसं जमवू?»
न्यू जर्सीहून एक आई

उत्तर:

घरी नक्की करा. सासूबाई आणि नात एका टेबलाशी बसून कागद कापणार असतील तर तो व्याप सोडू नका. पण तिन्ही ठिकाणी एकच डबा आणि एकच खाऊ चालणार नाही. वर्गाला जे देता येतं ते शेजाऱ्यांना अपुरं वाटेल, आणि शेजाऱ्यांना जे प्रेमानं द्याल ते वर्गाच्या दारातूनच परत येईल. म्हणून कात्री हातात घेण्याआधी कोणाला काय, हे ठरवून टाका. डब्याचा आकार आपोआप ठरेल.

पहिलं काम कागदाचं नाहीच. आज रात्रीच वर्गशिक्षिकेला ईमेल करा: पार्टीत खाण्याचा पदार्थ चालतो का, चालत असेल तर कोणता? अमेरिकेतल्या पुष्कळ शाळा घरी केलेला पदार्थ घेत नाहीत. कारखान्यात बंद केलेलं आणि घटकांची यादी छापलेलं पाकीटच लागतं. काही शाळांत खाऊ अजिबात चालत नाही, तर काही शाळा हॅलोवीनचं नाव न घेता शरद ऋतूची पार्टी ठेवतात. सासूबाईंच्या चकल्यांचा यात काही अपमान नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगा. तिथल्या कायद्यात ॲलर्जीचे मुख्य पदार्थ नऊ आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे प्राणी, झाडावरचे सुकामेव्याचे दाणे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ या यादीत १ जानेवारी २०२३ पासून आले. आता आपला फराळ डोळ्यांसमोर आणा. चकलीत तीळ, करंजीत मैदा आणि सुकामेवा, लाडवात तूप आणि काजू. वर्गातल्या ज्या मुलाचं तुम्हाला माहीत आहे ते एक, पण ज्यांचं माहीत नाही अशीही मुलं असू शकतात.

माझं स्पष्ट मत असं, की शिक्षिकेनं परवानगी दिली तरी वर्गाच्या पाकिटात खाण्याचं काही घालू नका. चॉकलेटच्या वेष्टणावर «यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो» ही सूचना छापणं तिथे बंधनकारक नाही, म्हणजे ती दिसली नाही तरी खात्री होत नाही. हॅलोवीनसाठी येणाऱ्या छोट्या चॉकलेटांचे घटक कधी कधी त्याच नावाच्या मोठ्या वडीपेक्षा वेगळे असतात, आणि सुट्या छोट्या चॉकलेटवर अनेकदा यादी नसते, ती बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असते. या भानगडीत पडण्यापेक्षा एक पेन्सिल, मजेदार आकाराचा खोडरबर, थोडे स्टिकर, साबणाच्या फुग्यांची इवलीशी बाटली किंवा अंधारात चमकणारं कडं घाला. सहा वर्षांच्या मुलांना त्या दिवशी साखर सगळीकडून मिळणारच असते. चमकणारं कडं मात्र संध्याकाळी घरोघरी फिरताना हातात राहतं आणि अंधारात मूल दिसतं.

आता वर्गाचं पाकीट. इंटरनेटवर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या दोन्ही टोकांना दाबून केलेले डबे तुम्ही पाहिले असतील. ते सुबक दिसतात, पण स्वच्छतेपायी काही शाळांत त्या नळ्या हातकामालाही घेत नाहीत, आणि २२ नळ्या जमवायच्या म्हणजे दोन महिने आधीपासून तयारी लागते. ते सोडा. साधी कागदी पिशवी करा, आपल्याकडे वाण्याला देण्यासाठी घरोघरी रद्दीच्या चिकटवत असत तशी. सासूबाईंना ती बहुधा न सांगताच येत असेल, पण माप सांगते.

किराणा दुकानातून येणारी मोठी तपकिरी कागदी पिशवी शिवणीवर उघडून सपाट करा. तिच्यातून ११ इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असे कागद कापा. तिथल्या प्रिंटरचा नेहमीचा कागद एवढाच असतो, तोच ठेवून कापता येईल. मूठ आणि चुरगळलेला भाग वगळून एका पिशवीतून असे पाच कागद सहज निघतात. आता साचा. तळ साधारण तीन इंच बाय दोन इंच असलेला चहाचा किंवा मसाल्याचा चौकोनी डबा घ्या. छापील बाजू आत ठेवून कागद डब्याभोवती गुंडाळा. घेर दहा इंच होतो, उरलेला एक इंच एकमेकांवर येतो, तिथे चिकटवा. खालचा दीड-पावणेदोन इंच कागद डब्याच्या तळावर भेटवस्तू बांधतात तसा दुमडून चिकटवा. डबा वरून ओढून काढा. साधारण पावणेसात इंच उंचीची पिशवी हातात येते. तोंड दोनदा दुमडून दोन भोकं पाडा आणि त्यातून सुतळी ओवा. साच्यावर केल्यामुळे २२ पिशव्या एकसारख्या होतात, पेन्सिलीनं आखत बसावं लागत नाही.

चिकटवायला सासूबाई मैद्याची खळ शिजवायला निघतील. खळ उत्तम चिकटते, पण वर्गाच्या पिशव्यांना वापरू नका. मैदा म्हणजे गहूच, आणि गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असलं तर? शाळेची साधी गोंदकांडी घ्या. खळ आपण दुसरीकडे वापरणार आहोत, भांडंभर लागेल.

पिशवीवरची चित्रं मात्र पूर्णपणे लेकीवर सोडा. काळा, नारिंगी आणि पांढरा घोटीव कागद, गोल टोकाची कात्री आणि गोंदकांडी तिच्यासमोर ठेवा आणि चेहरे करायला सांगा. भोपळा, घुबड, वटवाघूळ, मांजर, तिला हवं ते. एकाचा डोळा वर जाईल, दुसऱ्याला कान एकच असेल. ते सरळ करायला तुमचा हात पुढे जाईल, तो आवरा. मोठ्या माणसांनी नीटनेटकी केलेली पिशवी वर्गात उठून दिसेल खरी, पण ती तिची राहणार नाही, आणि तिच्या मैत्रिणींना तिच्या हातचीच हवी असते. एका बैठकीत सहा-सातपेक्षा जास्त चेहरे तिच्याकडून होणार नाहीत. शनिवार सकाळ, संध्याकाळ आणि रविवार असे भाग पाडा. चमकी मात्र घरात आणू नका. ती पिशवीवरून सुटते, हाताला लागते, हातावरून तोंडात जाते.

कवट्या नकोत हे सासूबाईंचं म्हणणं तर मला सोयीचंच वाटतं. हॅलोवीन म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या दिवसाची, १ नोव्हेंबरची, आदली संध्याकाळ. तिच्यात आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या सुगीअखेरच्या जुन्या चालीरीती मिसळल्या. तिकडे मुलं टर्निप कोरून दिवे करत. अमेरिकेत गेल्यावर त्या लोकांना कोरायला सोपा असा मोठा भोपळा मिळाला. म्हणजे भुतांइतकाच हा सण पिकांचा आणि ऋतूचाही आहे. पितरांची आठवण आपणही भाद्रपदात, पावसाळा सरताना काढतो, तेव्हा सासूबाईंना यातलं सगळंच परकं वाटायला नको. भोपळा, ओकचं फळ, पिवळं पान, घुबड एवढ्यावर थांबलात तर उरलेल्या पिशव्या नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगलाही चालतील. कवटी १ नोव्हेंबरला जुनी होते.

झाडाची खरी पानं वापरायची असतील तर लेकीला घेऊन बाहेर पडण्याआधी एक धडा द्या, कारण भारतातून आलेल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही. पॉइझन आयव्ही नावाची वेल न्यू जर्सीत सगळीकडे आहे, कुंपणावर, झाडांच्या बुंध्यावर, रस्त्याच्या कडेला. शरदात ती इतकी सुंदर लाल होते की हात आपोआप पुढे जातो. तिच्या देठाला तीन-तीन पर्णिका असतात. तिच्यातलं उरुशिओल नावाचं तेल अंगाला लागलं की फोड येतात आणि खाज कित्येक दिवस जात नाही. वाळलेल्या पानातही ते तेल टिकून असतं. नियम सोपा ठेवा: तीन पानांच्या झुबक्याला हात लावायचा नाही, वेलीवरचं काही तोडायचं नाही, फक्त मोठ्या झाडाखाली पडलेली मेपलची, ओकची, स्वीटगमची ओळखीची पानं उचलायची. सासूबाई फिरायला जाताना फुलं-पानं तोडत असतील तर त्यांनाही आजच सांगा.

आणलेली पानं टिपकागदात घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवावी लागतात. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल तर मेणकागदाच्या दोन तुकड्यांमध्ये पान ठेवून, वर सुती फडकं घालून मंद इस्त्री फिरवा. मेण वितळून पानाला चिकटतं आणि रंग बरेच दिवस राहतो. अशी पानं पिशवीच्या सुतळीत अडकवा किंवा बाहेरून चिकटवा. फुग्यावर पानं डकवून केलेली पारदर्शक वाटी हल्ली सगळीकडे दिसते. दिसते देखणी, पण तिच्यात उघडा खाऊ ठेवू नका. पानांवरची धूळ आणि वरून लावलेला गोंद, दोन्ही पोटात जाण्यासाठी नाहीत.

दारावर येणाऱ्या मुलांसाठी वेगळे डबे करूच नका. अनोळखी घरातून आलेलं, हातानं बांधलेलं पुडकं आईवडील मुलांना खाऊ देत नाहीत. रात्री घरी गेल्यावर पिशवी ओतून तपासतात आणि असं काही दिसलं की फेकतात. तुमचे कष्ट आणि सासूबाईंचे लाडू कचऱ्यात जातील. तिथे बंद वेष्टणातली चॉकलेटंच हवीत. पण ती ज्यात ठेवाल ते भांडं हातचं असू द्या, आणि खळ इथे लागणार आहे.

मोठा फुगा फुगवा. त्याच्यावर सुतळीचे चार फेरे उभे बांधा, कलिंगडावर रेघा असतात तसे, जरा ताणून. त्या ताणामुळे फुगा मध्ये मध्ये फुगतो आणि भोपळ्याच्या फाका तयार होतात. ही एक युक्ती केली नाही तर भोपळ्याऐवजी नारिंगी चेंडू होतो. मग वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या खळीत बुडवून चिकटवा, एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, असे तीन-चार थर. वरचा भाग मोकळा सोडा, तेच तोंड. पट्ट्या कापण्याऐवजी हातानं फाडा, फाटलेली कड खाली बसते आणि सांधा दिसत नाही. वाळायला ऑक्टोबरच्या हवेत दोन-तीन दिवस सहज लागतात, म्हणून सगळ्यात आधी, शनिवारी सकाळी, याला हात घाला. ओला असताना रंग दिलात तर आतून बुरशी धरतो. कडकडीत वाळल्यावर फुगा फोडा, तोंड कात्रीनं सारखं करा, नारिंगी रंग द्या. आत चॉकलेटं वेष्टणातच राहणार असल्यानं शाईची, रंगाची आणि मैद्याची काळजी नाही. उघड्या खाऊला मात्र वर्तमानपत्र कधीच लावू नका. भारतातही एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं त्यात खाण्याचे पदार्थ बांधायला मनाई केली आहे.

त्याच्या शेजारी मोरपंखी निळ्या रंगाचा एक छोटा भोपळा ठेवता आला तर फार चांगलं. दारात हा रंग दिसला की ॲलर्जी असलेल्या मुलाला कळतं, इथे खाण्याशिवाय काहीतरी मिळेल. टेनेसी राज्यात सुरू झालेली ही प्रथा २०१४ पासून देशभर पसरली. वर्गाच्या पिशव्यांसाठी आणलेल्या पेन्सिली आणि कडी थोडी जास्त घ्या, ती इथे कामाला येतील. भोपळ्यात किंवा कागदी पिशवीत मेणबत्ती नको. बॅटरीचे छोटे दिवे स्वस्त मिळतात.

लेकीला स्वतःचा खाऊ गोळा करायला पिशवी लागेल, ती सासूबाईंच्या शिवणकामाची जागा. अमेरिकन मुलं पूर्वापार उशीचा अभ्रा घेऊन निघतात, कारण तो मजबूत असतो. जुन्या सुती ओढणीची दुहेरी पिशवी शिवा, तळाला आठ इंचांचा पुठ्ठा, बंद दीड इंच रुंद. बंदाची लांबी लेकीला उभं करून ठरवा: हातात धरल्यावर तळ गुडघ्याच्या वरच राहायला हवा, नाहीतर पायऱ्या चढताना पायात येते. बाहेरून उजेड परतवणारी पट्टी शिवायला विसरू नका. युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या संस्थेला हॅलोवीनला मुलं पैसे गोळा करून देतात, ती चाल १९५० साली तुमच्या शेजारीच, फिलाडेल्फियात सुरू झाली. मुलांनी दुधाचे रिकामे खोके सजवून हातात घेतले होते आणि त्या रात्री १७ डॉलर जमले. नंतर नारिंगी छापील डबे आले, पण सुरुवात घरच्या खोक्यांनीच झाली. ही गोष्ट लेकीला सांगा, तिलाही असा एखादा खोका करावासा वाटेल.

आता शेजारची चार घरं. फराळाची खरी जागा ही. इथे माणसं तुम्हाला ओळखतात, विचारू शकतात, आणि चकली कशी खायची हे तुम्ही समोर उभं राहून सांगू शकता. चकली आणि चिवडा कागदी डब्यात घालू नका. दोन दिवसांत चकली मऊ पडते आणि डब्याला तेलाचे डाग पडतात. त्यांना काचेची बरणी हवी. साल्सा किंवा लोणच्याची जुनी बरणी चालेल, पण झाकण नवं घ्या, कारण झाकणाच्या आतल्या रबरातला वास काही केल्या जात नाही. बरणीच्या तोंडावर साडीचा किंवा खणाचा गोल तुकडा घालून सुतळीनं बांधा. खण असेल तर तोच घ्या. शरदातल्या त्या पिवळ्या-तांबड्या रंगांत खणाचा काठ इतका शोभतो की वेगळी सजावट लागत नाही.

लाडू आणि करंज्यांना झाकणाचा चौकोनी डबा करा, मासू नावाच्या जपानी घडीचा. तांदूळ मोजायच्या लाकडी मापाचा तो आकार. गोंद लागत नाही, म्हणून खाण्याजवळ तो मला सगळ्यात योग्य वाटतो. तिथे हातकामाच्या दुकानात १२ इंच चौरस रंगीत कागद मिळतात, मध्यम जाडीचे घ्या. फार जाड कार्डस्टॉक घडीवर फुटतो. दोन्ही कर्णांवर घडी घालून उघडा. चारही कोपरे मध्यबिंदूला आणा. आता जो लहान चौकोन झाला त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यरेषेला आणून घडी पाडा आणि उघडा, मग उरलेल्या दोन कडांचं तसंच. समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उलगडा, बाकीच्या दोन भिंती उभ्या करा, उलगडलेल्या बाजू आत वळवून त्यांच्यावरून खाली दुमडा, टोकं तळाच्या मध्यावर येतात. सव्वाचार इंचांचा, दोन इंच उंचीचा डबा होतो. खालच्या डब्याचा कागद पाव इंचानं लहान कापा आणि झाकणाला पूर्ण १२ इंच ठेवा, म्हणजे झाकण अलगद बसतं. पहिला वर्तमानपत्रावर करून बघा. आत पार्चमेंट पेपर घाला, प्रत्येक लाडू मफिनच्या कागदी वाटीत ठेवा. चार लाडू नीट बसतात; करंज्या लहान करायला सांगा.

झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: पदार्थाचं नाव, केल्याची तारीख आणि सगळे घटक, इंग्रजीत, एकही न वगळता. तीळ, काजू, मैदा, तूप ठळक अक्षरांत. शेवटी लिहा की बरणी तुमच्याकडेच राहू द्या. तिकडच्या लोकांना भांडं परत करायचं ओझं वाटतं, आणि रिकामं कसं द्यायचं म्हणून ते कुकी भाजत बसतात. दिवाळी आणि हॅलोवीन काही वर्षी हातात हात घालूनच येतात. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला अनेकांच्या घरी लक्ष्मीपूजनही होतं. तेव्हा चिठ्ठीत दिवाळीच्या दोन ओळी लिहिल्यात तर शेजाऱ्यांना आवडेलच.

नवऱ्यालाही यात घ्या. पेन्सिली, कडी आणि चॉकलेटं विकत आणायचीच आहेत, ती यादी त्यांच्या हातात द्या, वर घटकांची यादी वाचून आणायला सांगा. वर्गासाठी २२ ऐवजी २५ पिशव्या करा. शिक्षिका असतात, मदतीला आलेली एखादी आई धाकटं भावंडं घेऊन आलेली असते, आणि एखादी पिशवी बसमध्ये चुरगळतेच. भरलेल्या पिशव्या दप्तरात कोंबू नका, बुटांच्या दोन रिकाम्या खोक्यांत उभ्या लावून सकाळी स्वतः नेऊन द्या. शिक्षिकेचं उत्तर अगदीच नकारार्थी आलं, काहीच आणू नका असं, तर वर्गाचा भाग सरळ सोडा आणि तो सगळा वेळ शेजाऱ्यांच्या डब्यांना द्या.